जुनं नको, नवं ऐका

(पडदा काळा. काठ्यांचे चार ठोके आणि लगेच दोन गिटार. वीसेक सेकंद गाणं चालू राहतं, मग आवाज खाली येतो.)

सांगलीत ऑर्केस्ट्रा कुठंही लागू दे, गणपतीत किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला, तासाभरात स्टेजकडं एक चिठ्ठी सरकतेच. जुनं वाजवा. नाट्यसंगीताच्या मैफिलीत तेवढीही तसदी नाही, तिथं लोक जुन्यासाठीच आलेले असतात. यात वावगं काही नाही. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीतास्वयंवर' केलं ते याच गावात. आशा भोसल्यांचा जन्म इथला. एवढं जुनं पदरात असलेल्या गावानं जुनंच मागितलं तर नवल काय?

पण आत्ता तुमच्या कानावर पडलं ते जुनं नाही. चाळिशीच्या आसपासच्या चार माणसांनी परवाच्या पावसाळ्यात केलेलं हे गाणं आहे. मराठी आहे, तीन मिनिटांच्या आत संपतं आणि ज्या तऱ्हेचं आहे त्या तऱ्हेला जगात पॉवर पॉप म्हणतात.

बँडचं नाव आम्ही सांगणार नाही. गाणी बाहेर पडतील त्या दिवशी आम्हीच सांगू, तोवर गप्प बसा, असा दम मिळालाय. माणसांची नावंही नकोत म्हणाले. तेव्हा या फिल्मपुरते ते थोरला गिटारवाला, धाकटा गिटारवाला, बासवाला आणि ड्रमवाला. गाणी दोन्ही गिटारवाले लिहितात, गातात तिघं. ड्रमवाल्याला माइक देऊ नये यावर बाकीच्यांचं एकमत आहे.

(कुपवाड एमआयडीसी. पत्र्याचं शेड, बंद लेथ मशिनं, त्यांच्या मधोमध ड्रमसेट.)

हे शेड थोरल्याचं. आठवडाभर इथं पंपाचे सुटे भाग बनतात. सुट्टीच्या दिवशी मशिनं बंद, कामगार घरी, मग वायरी अंथरल्या जातात. फरशीवर लोखंडाचा कीस असतो म्हणून आधी झाडू मारायचा, हा इथला नियम. कीस ॲम्प्लिफायरच्या स्पीकरपर्यंत पोचला तर स्पीकरमधलं लोहचुंबक तो ओढून घेतं आणि मग तो खरखरायला लागतो. एकदा असं झालंय. त्यामुळं पॉवर पॉपची प्रत्येक तालीम खराट्यानं सुरू होते.

आता हे पॉवर पॉप म्हणजे काय, ते थोडक्यात. हा शब्द 1967 साली 'द हू' या ब्रिटिश बँडच्या पीट टाउनशेंडनं स्वतःच्या बँडच्या संगीताबद्दल बोलताना वापरला. पुढं सत्तरच्या दशकात अमेरिकेत तो एका ठरावीक घाटाला चिकटला. बीटल्सची गोड चाल, तीन गळ्यांचं एकत्र गाणं, बर्ड्स या बँडसारखी किणकिणणारी बारा तारांची गिटार, आणि हे सगळं जोरात, अगदी रॉकच्या ताकदीनं. त्या काळात बाकीचे बँड एकेक गाणं दहा-दहा मिनिटं ताणत होते. ही मंडळी तीन मिनिटांत मुखडा, दोन कडवी, एक वळण आणि पुन्हा मुखडा असं करून मोकळी व्हायची. ऐकायला सोपं, करायला अवघड. चाल पहिल्या फेरीत लक्षात राहिली नाही तर गाणं पडलं, दुसरी संधी नाही.

आणखी एक गोष्ट बघा. यातले बरेच बँड सगळ्यात मोठ्या शहरांतले नव्हते. बिग स्टार मेम्फिसचा, रास्पबेरीज क्लीव्हलँडचा, चीप ट्रिक इलिनॉयमधल्या रॉकफर्डचा. संगीताचा धंदा न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसला, आणि हे लोक त्या धंद्यापासून लांब गॅरेजमध्ये गळे जुळवत बसलेले. आपल्याकडं पुण्या-मुंबईचं नाव घेतलं की सांगली-मिरजेच्या पोराच्या तोंडावर जो भाव येतो, तो त्यांनाही ठाऊक असणार.

(विश्रामबाग. रस्त्यावरची रहदारी, कॉलेजची पोरं.)

आपले चौघे इथं भेटले, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. ते दिवस भारनियमनाचे. महावितरणचं वेळापत्रक पेपरात यायचं, ते कापून खोलीच्या दाराला चिकटवलेलं असायचं आणि तालीम त्यावर ठरायची. लाइट पहाटे असली तर पहाटे. घरमालकीणबाई एकदा वर आल्या, चौघांना वाटलं आता खोली गेली. बाई म्हणाल्या, "वाजवा की, पण तो एकच तुकडा किती वेळा घासायलाय रे? पुढं जावा जरा." थोरला म्हणतो की त्याच्या गाण्यावरचा आजवरचा सगळ्यात उपयोगी अभिप्राय तो.

त्या काळात त्यांनी आठ-नऊ गाणी केली. मराठी शब्द, इंग्रजी घाट. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये एक गाणं फार चाललं, ते अजूनही त्यांच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी टाकतं. वॉर्डनला चुकवून भिंतीवरून उडी मारण्याबद्दलचं ते गाणं आहे. रेकॉर्डिंग मोबाइलवरचं, त्यामुळं टाळ्याच जास्त ऐकू येतात.

मग बँड बंद पडला. भांडण नाही, काही नाही. एक पुण्याला नोकरीला गेला, एकानं तासगावात वडिलांची द्राक्षबाग हातात घेतली, एकाचा क्लास चालू झाला, एक कुपवाडात वर्कशॉपला बसला. लग्नं झाली. पुढच्या महिन्यात बसू, दिवाळीत बसू असं चालू राहिलं आणि चौदा-पंधरा वर्षं गेली. बँड बहुतेक असेच संपतात. पोस्टरवर लिहिण्यासारखं त्यात काही नसतं.

ड्रमसेट मात्र ड्रमवाल्यानं विकला नव्हता. गावभागात काकांच्या घरी तळमजल्यावर पोत्यांत बांधून ठेवला होता. ऑगस्ट 2019. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी त्या वेळी 57 फुटांच्या वर गेलं. गावभागात पहिले मजले बुडाले, तळमजल्याचं काय सांगायचं! पाणी ओसरल्यावर पोती उघडली तर लाकडी ड्रम फुगून त्यांचे पदर सुटले होते. वाचला तो एकटा स्नेअर, म्हणजे सेटमधला छोटा, कडक आवाजाचा ड्रम, त्याचं अंग धातूचं. ड्रमवाल्यानं तो आम्हाला कॅमेऱ्यासमोर खोलून दाखवला. कडेच्या स्क्रूंच्या खाचांत अजून गाळ आहे, वाळून कडक झालेला, राखेच्या रंगाचा. काढत का नाही विचारलं तर म्हणाला, "काढला की आवाज बदलतो." खरंखोटं माहीत नाही. आम्हाला तरी फरक कळला नसता.

परत एकत्र यायचं कारण शोधायचा आम्ही बराच प्रयत्न केला, कारण फिल्मला कारण लागतं. ठोस असं काही निघालं नाही. धाकट्याला कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, तो आठवड्यातले काही दिवस सांगलीत राहायला लागला. बासवाल्याच्या मुलीनं गिटारचा क्लास लावला आणि बापाला चुका काढता येतात हे बघून ती चकित झाली. शेड होतंच. त्यातच एके दिवशी बासवाल्यानं एका अमेरिकन बँडची गोष्ट बाकीच्यांना पाठवली. ती गोष्ट आम्हाला या सगळ्यापेक्षा महत्त्वाची वाटते, म्हणून तिथं थोडं थांबू.

(नकाशा. मिशिगन सरोवराचा काठ, शिकागो आणि मिलवॉकी यांच्या मधला एक ठिपका.)

गावाचं नाव झायन, राज्य इलिनॉय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉन अलेक्झांडर डॉवी नावाच्या धर्मोपदेशकानं वसवलेलं. रस्त्यांना बायबलमधली नावं. वस्ती चोवीस हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्या तासगावपेक्षाही कमी. या गावात सत्तरच्या दशकात जॉन आणि जेफ मर्फी हे दोघे भाऊ आणि त्यांचा मित्र गॅरी क्लेबी यांनी बँड काढला. नाव 'शूज'. आपल्याकडं कुणी बँडचं नाव 'चपला' ठेवलं तर घरचेच हसतील, पण ते असो.

त्यांच्याकडं स्टुडिओ नव्हता, चार ट्रॅकचं टेप मशीन होतं. हे चार ट्रॅकचं प्रकरण समजून घेण्यासारखं आहे. टेपच्या रुंदीत चार समांतर पट्ट्या, प्रत्येकीवर वेगळा आवाज घेता येतो. ड्रम, बास, गिटार घेतले की तीन पट्ट्या भरल्या. आता या तिन्ही एकत्र करून चौथीवर उतरवायच्या, मग पहिल्या तीन पुसून तिथं गळे घ्यायचे. प्रत्येक उतरवणीत टेपची सरसर वाढते. आणि एकदा पुसलं की परत मागं जाता येत नाही, ड्रम मोठा झाला असेल तर तो तसाच राहणार. म्हणजे गाणं पूर्ण व्हायच्या आत, अर्ध्यावर असतानाच, सगळे निर्णय घ्यावे लागतात. अशा रीतीनं घरच्या दिवाणखान्यात केलेला त्यांचा अल्बम 1977 मध्ये निघाला, स्वतःच छापलेला. तो ऐकून पुढं इलेक्ट्रा या मोठ्या कंपनीनं त्यांना करारबद्ध केलं. 1979 ते 1982 या काळात तीन अल्बम. 1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही हे गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारं चॅनल सुरू झालं तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांचे व्हिडिओ दाखवले गेले, कारण त्या वेळी व्हिडिओ तयार असलेले बँडच कमी होते. तरी ते मोठे झाले नाहीत. कंपनीनं सोडलं. ते झायनमध्येच राहिले, स्वतःचा स्टुडिओ काढला, दुसऱ्यांची रेकॉर्डिंग केली. 1994 नंतर मात्र त्यांचा नव्या गाण्यांचा अल्बम आला नाही.

आणि मग 2012 मध्ये आला. 'इग्निशन'. तेच तिघे, तेच गाव, नवी गाणी. वाढदिवसाचा जलसा नाही, जुन्या गाण्यांची नवी आवृत्ती नाही.

आता याच्या शेजारी बिग स्टारची गोष्ट ठेवून बघा. पहिला अल्बम 1972 चा, समीक्षकांनी डोक्यावर घेतलेला, पण वितरणाचा असा घोळ झाला की दुकानांत तो धड पोचलाच नाही. बँड फुटला. संस्थापकांपैकी ख्रिस बेल 1978 च्या डिसेंबरात अपघातात गेला. वर्षं लोटली, तरुण बँड त्यांचं नाव घ्यायला लागले आणि 1993 मध्ये मिझुरी विद्यापीठात मूळ बँडमधले ॲलेक्स चिल्टन आणि जोडी स्टीव्हन्स दोन नव्या साथीदारांना घेऊन पुन्हा उभे राहिले. लोकांना आनंद झाला, होणारच. पण त्यानंतरचा नव्या गाण्यांचा अल्बम यायला 2005 साल उजाडलं. मधली बारा वर्षं बिग स्टार म्हणजे स्टेजवर मुख्यतः जुनी गाणी. चिल्टन 2010 मध्ये गेला. त्या मैफिलींना आम्ही नावं ठेवत नाही, मिळाली असती तर आम्हीही तिकीट काढून गेलो असतो. पण जुनी गाणी वाजवायला एकत्र येणं हे स्नेहसंमेलन. नवं गाणं करायचं तर पुन्हा कोऱ्या कागदासमोर बसावं लागतं, आणि तिथं जुनी पुण्याई कामाला येत नाही. उलट आडवी येते.

बासवाल्यानं ग्रुपवर या गोष्टीखाली एवढंच लिहिलं होतं, "बसायचं असेल तर नवी गाणी. नायतर मी येत नाय." ड्रमवाल्याचं उत्तर, "आधी ड्रम तर आणूद्यात."

(मिरज. सतारमेकर गल्ली. दुकानांच्या भिंतींवर टांगलेले भोपळे.)

थोरल्याकडं बारा तारांची गिटार होती, कॉलेजच्या काळात जुनी घेतलेली. पेटीतून काढली तर दोन जोड्या खणखणत होत्या. ती घेऊन तो मिरजेला गेला. सतार-तंबोऱ्यांसाठी मिरजेचं नाव देशभर आहे, इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. मंगळवेढा-पंढरपूरकडून भोपळे येतात, महिनोन्‌महिने वाळतात, मग त्यांचे तंबोरे होतात. विजेवर वाजणाऱ्या वाद्यांचं काम या गल्लीत थोडं, पण तार आणि लाकूड ज्याला कळतं त्याला गिटार परकी नसते.

दुकानातले चाचा सत्तरीचे असतील. गिटार त्यांनी आधी वाजवली नाही. डोळ्यासमोर आडवी धरून एक डोळा मिटला, बंदूक रोखावी तशी, आणि पट्टीवरून नजर फिरवली.

"तारा नाही खणखणत बाळ. पट्टी वाकलीय. ठेवताना तारा सैल केल्या नव्हत्यास?"

"नाही चाचा. राहून गेलं."

"बारा तारांचा ओढा कमी असतो का? इतकी वर्षं बिचारी ओढून धरून बसलीय."

मग त्यांनी विचारलं की या बारीक तारा म्हणजे तरफा का, सतारीत न छेडता आपोआप झंकारतात त्या? थोरल्यानं सांगितलं, तरफा नाहीत, जोड्या आहेत. खालच्या चार जोड्यांत एक जाड आणि एक तिच्या वरच्या सप्तकातली, उरलेल्या दोन जोड्या एकसारख्या, आणि दोन्ही तारा एकदम छेडायच्या. चाचांनी एक जोडी छेडली, कान जवळ नेला. म्हणाले, एक केसभर उतरली आहे जोडीतली, मुद्दाम? थोरला म्हणाला, थोडी राहतेच, त्याच्यामुळंच ती किणकिण येते. चाचा हसले. तंबोऱ्याच्या घोडीवर ते तासन्‌तास जवारी काढतात, तार घोडीच्या माथ्याला इतकी अलगद टेकवायची की एका सुरातून दहा सूर फुटावेत. किणकिण म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

काम तीन भेटींत झालं. पट्टीच्या आतली सळई आवळून बाक काढला, वर आलेले पडदे कानशीनं समतल केले, वरच्या टोकाच्या खाचा हलक्या हातानं साफ केल्या. प्रत्येक खाचेत चाचा पेन्सिलीच्या शिशाची पूड भरत होते, तार खाचेत अडकू नये म्हणून. कॅमेरामन जवळ गेला तेव्हा त्यांनी त्याला लांब हो म्हणून सांगितलं, उजेड अडतोय.

(शेड. रात्र. हेडफोन घातलेला धाकटा, माइकच्या समोर.)

गिटार झाली, ड्रम आले, राहिले शब्द. आणि खरी अडचण तिथं होती.

पॉवर पॉपचा विषय पिढ्यान्‌पिढ्या एकच, ती आणि मी. ती समोरून गेली, तिनं बघितलं नाही, तिनं बघितलं. हे सतराव्या वर्षी लिहायला सोपं. चाळिसाव्या वर्षी तेच लिहायला बसलं तर कसंतरी होतं. पहिले दोन महिने धाकट्यानं केलेली सगळी गाणी अशीच कसंतरी होणारी होती, हे तो स्वतः सांगतो. वय विसरून लिहायचं तर खोटं वाटतं, वय धरून लिहायचं तर गुडघेदुखी आणि ईएमआय. दोन्हींचं गाणं होत नाही. ईएमआयचं त्यानं करून पाहिलंय. आम्ही ऐकलंय. ते प्रसिद्ध होणार नाही.

मग एका शुक्रवारी रात्री तो पुण्याहून गाडीनं निघाला. खंबाटकी उतरताना बायकोचा मेसेज, कुठं आलास? गाडी बाजूला घेऊन त्यानं नेहमीचं उत्तर टाइप केलं. आणि ते उत्तर त्याला कराडपर्यंत चालीत ऐकू यायला लागलं.

(गाणं वर येतं.)

पोचलो की सांगतो, पोचलो की सांगतो
तूच झोपू नको तेवढी

(आवाज खाली.)

एवढाच मुखडा. यात ती आहे, तो आहे, ओढ आहे, फक्त ती समोरच्या बाकावर बसत नाही, घरी दिवा चालू ठेवून बसली आहे. दुसऱ्या कडव्यात पेठनाक्याचा चहा येतो. शेवटच्या फेरीत तिघांचे गळे एकमेकांवर चढतात आणि बारा तारा मागून किणकिणत राहतात. आमच्या मते या चार गाण्यांत हे सगळ्यात वरचं. दुसरं एक गाणं बेदाण्याच्या शेडवरच्या रात्रीबद्दल आहे, चाल सुरेख पण शब्द जरा जास्त झालेत. तिसऱ्यात ड्रमवाल्याला ड्रमसोलो हवा होता, बाकीच्यांनी चार ठोके दिले.

रेकॉर्डिंग लॅपटॉपवरच झालं, हवे तेवढे ट्रॅक घेता येतात तिथं. पण बासवाल्यानं आठाची मर्यादा घातली. आठ ट्रॅकमध्ये मावत नसेल तर गाण्यात काहीतरी जादा आहे, असं त्याचं म्हणणं. झायनच्या दिवाणखान्यातून उचललेली ही शिस्त, आणि मुखडा इतका स्वच्छ ऐकू येतो तो तिच्यामुळं.

जुन्या गाण्यांवरून मात्र वाद झाला, कॅमेऱ्यासमोरच. पहिला कार्यक्रम करायचा तर ते वॉर्डनचं गाणं घ्यावं, असा ड्रमवाल्याचा आग्रह.

"लोकं तेच मागणार लेका. एक वाजवलं तर काय बिघडतंय?"

"एक वाजवलं की दुसरं मागतात," बासवाला म्हणाला.

शेवटी वाजवून बघायचं ठरलं. हात बरोबर चालले, एक ठोका चुकला नाही. पण दुसऱ्या कडव्यात, भिंतीवरून उडी मारण्याच्या ओळीला, थोरला गाता गाता हसायला लागला आणि त्याला पुढं जाता येईना. त्याच्या थोरल्या मुलानं यंदा हॉस्टेलला प्रवेश घेतलाय. गाणं यादीतून गेलं. आमचं मत विचाराल तर एक जुनं गाणं शेवटी असायला हरकत नव्हती, आलेल्या बॅचवाल्यांचाही काही हक्क असतोच. पण आम्हाला कुणी विचारलं नाही.

चार गाणी तयार आहेत, आणखी दोन अर्धवट. ती ऑक्टोबरात पुरी व्हायची होती, पण ऑक्टोबर म्हणजे तासगावात द्राक्षाची छाटणी, आणि ड्रमवाल्याची बाग तीन एकर. छाटणीनंतर फवारण्या. पाऊस लांबला तर डावणी या रोगाच्या धास्तीनं दिवसाआड. तालमीचं वेळापत्रक पुन्हा एकदा शेडच्या दाराला चिकटवलंय, या खेपेला ते बागेच्या कामावरून ठरलंय. पुढची तारीख त्यावर पेन्सिलीनं लिहिली आहे. खाली बासवाल्याच्या अक्षरात एक सूचना, येताना खराटा नवा आणणे.